काटा १८० वर, गाडी मात्र बंडीच्या चालीनं

मोर्शीजवळच्या एका गावचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोटारसायकलच्या शर्यतीचा गेम बनवतोय. त्यानं मला दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं: "दादा, काट्यावर १८० दिसते, पण गाडी पयतेच नाही. आबाची बंडी यापेक्षा जोरात वाटते. मी वेग ३०० करून पाह्यला, तरी तसंच. मोशन ब्लर टाकू का? की माह्या फोनचाच दोष आहे?" (मोशन ब्लर म्हणजे पळणारं चित्र मुद्दाम पुसट करणं.) नंतर मागितल्यावर पूर्ण प्रोजेक्टही पाठवला. मी पंधरा वर्षं पुण्यात गेम बनवले, त्यातली बरीचशी गाड्यांच्या गेममध्ये गेली. आता चार वर्षांपासून आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी बसून तेच काम करतो. हा रोग मला ओळखीचा आहे, माझ्या पहिल्या गेमला तोच झाला होता. म्हणून त्यालाच जरा ऐसपैस लिहितो.

तुझा व्हिडिओ मी कसा पाहिला ते आधी सांगतो. लॅपटॉपच्या पडद्यावर काट्याच्या जागी कागदाचा तुकडा चिकटवला, आवाज बंद केला आणि भाच्याला बोलावून विचारलं, गाडी किती वेगात असेल? तो म्हणाला, "चाळीस असन, मामा." मला स्वतःला पन्नास वाटली होती. बघणाऱ्याचा डोळा काटा वाचून वेग ठरवत नाही. बाजूनं काय पळतंय, किती जवळून पळतंय, पायाखालची जमीन कशी सरकतेय, यावरून तो आपला हिशेब करतो. तुझ्या गेममध्ये आकडा पळतोय, बाजूला काहीच पळताना दिसत नाही. मग तू ३०० कर नाहीतर ५००.

समृद्धीवरून कधी गेला असशीलच. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा. अर्ध्या तासानं गाडी उभी आहे की चालू आहे हेच कळेनासं होतं. रस्ता रुंद, कडेचं कुंपण दूर, झाडं अजून लहान, समोर क्षितिजापर्यंत काही नाही. आता दुसरं आठव. तुरीचे दिवस, दोन्ही बाजूंना डोक्याइतकी तूर, मधून पांदण, आणि मित्राच्या शंभर सीसीच्या गाडीवर मागे बसून तू पन्नासनं चाललाय. बाभळीची फांदी कानाजवळून जाते. पोटात गोळा येतो तो इथं, समृद्धीवर नाही.

यामागचं गणित अगदी साधं आहे. तू सरळ जात असताना कडेची वस्तू तुझ्या डोळ्यांसमोरून किती अंश सरकते, हे तुझा वेग भागिले त्या वस्तूचं बाजूचं अंतर यावर ठरतं. पांदणीत ५० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर, आणि बाभूळ तीन मीटरवर. ती नेमकी बाजूला येते त्या क्षणी सेकंदाला जवळपास २६५ अंशांच्या दरानं सरकते. तुझ्या गेममध्ये १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, पण सगळ्यात जवळचं झाड तू तीस मीटरवर लावलंय. त्याचा दर येतो ९५ अंश. झाड नेमकं बाजूला येईपर्यंत कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलेलं असतं हे खरं, पण चौकटीच्या कडेलाही प्रमाण हेच राहतं. थोडक्यात, पांदणीतली पन्नासची गाडी तुझ्या १८० च्या गाडीपेक्षा डोळ्याला पावणेतीन पट जोरात वाटते. तुझा आबाच्या बंडीचा टोमणा अगदीच हवेतला नव्हता.

त्यामुळे पहिलं काम हे की रस्ता अरुंद कर. तू चौदा मीटर ठेवलाय. गाडी वळवायला जागा लागते म्हणून गेमवाले रस्ते मोठे करतात, आणि ते बरोबरही आहे. पण मग रुंदीची भरपाई कडेनं करावी लागते. डांबर संपलं की एका मीटरच्या आत काहीतरी उभं पाहिजे: गवत, मैलाचा दगड, पुलाचा कठडा, बंडीत रचलेली पऱ्हाटी. सगळीकडे नको, पण काहीतरी सतत हवं. आणि दूरचंही काहीतरी हवं. तुझ्या मोर्शीच्या उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते, ती जागची हलू देऊ नको. जवळचं झपाझप जातंय आणि दूरचा डोंगर तसाच उभा आहे, या फरकातूनच डोळ्याला वेग समजतो. तुझ्या गेममध्ये पाठीमागे नुसतं निळं आकाश आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर मी जास्त वेळ घालवणार आहे: कॅमेऱ्याची उंची.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांडलं होतं, की विमान उतरवणारा माणूस जमिनीचा पोत डोळ्यांसमोरून कसा पसरत जातो यावरून आपली दिशा आणि गती ओळखतो. जमिनीच्या या सरकण्याचा दर म्हणजे वेग भागिले डोळ्याची जमिनीपासूनची उंची. उंची दुप्पट झाली की तोच वेग निम्मा वाटतो. विमानातून खाली पाहिलं तर जमीन जवळजवळ जागीच उभी वाटते ती यामुळेच.

हे मला शिकवलं ते शंकरपटानं, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीनं. तळेगाव दशासरचा पट मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. त्या मधल्या बंदीच्या वर्षांत वडील फार खिन्न असायचे, म्हणून मी त्यांच्यासाठी फोनवर चालेल असा पटाचा एक छोटा गेम करायला घेतला. पहिल्या आवृत्तीत कॅमेरा जोडीच्या मागे, तीन मीटर उंच. जोडीला ३६ किलोमीटरचा वेग दिला होता, म्हणजे सेकंदाला १० मीटर. वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे बैल बाजारात चालले का?" मी वेग वाढवत गेलो. तू केलंस तेच. ७० केला तर बैल रबराचे दिसायला लागले, वेग काही वाटेना.

मग मी कॅमेरा धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, डोळ्यांत नेला. तो छकड्यावर असा दबून असतो की डोळे जमिनीपासून सव्वा मीटरवर येतात. वेग परत ३६ वर आणला. दहा भागिले सव्वा, म्हणजे आठ. एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे सव्वादोन मीटरवर धरले आणि गाडी साठच्या वेगात धरली, तर हाच आकडा साडेसातच्या आसपास येतो. ३६ नं धावणारी जोडी धुरकऱ्याला साठच्या एसटीपेक्षा जोरात का वाटते, ते मला वहीवर दिसलं. वडिलांनी ती आवृत्ती खेळताना एकदाही बाजाराचं नाव काढलं नाही.

तुझा कॅमेरा तीन मीटर वीसवर आहे. तो सव्वा ते दीड मीटरवर आण आणि किंचित वर बघू दे. एवढ्यानं गाडीची पाठ रस्ता झाकेल अशी तक्रार करशील. तर गाडी चौकटीत थोडी खाली सरकव. पूर्ण मोटारसायकल दिसलीच पाहिजे असा काही कायदा नाही.

आता तुझ्या प्रोजेक्टमध्ये मला सापडलेल्या दोन गमती. त्या व्हिडिओत दिसत नव्हत्या.

एक म्हणजे घरांची दारं. तू विकत घेतलेलं गावाचं मॉडेल मोजलं तर दार ४.२ मीटर उंच निघालं. कडुनिंब पस्तीस मीटरचा. माणसाला दार किती उंच असतं ते माहीत आहे, दोन-सव्वादोन मीटर. मेंदू दारावरून सगळ्या जगाचं माप ठरवतो. दार दुप्पट मोठं असलं की त्याच्या लेखी सगळं जग निम्म्या मापाचं होतं, आणि तुझे १८० नकळत ९० होतात. हे कुणी मुद्दाम बघत नाही, पण प्रत्येकाला जाणवतं. गेममध्ये आधी एक माणूस उभा कर, १.७ मीटरचा, आणि प्रत्येक वस्तू त्याच्या शेजारी नेऊन माप बघ. दार, बैल, विजेचा खांब, एसटी, सगळं.

दुसरी गंमत मला फार आवडली. तू रस्त्याच्या दोन्ही कडांना कुंपणाचे खांब दर दीड मीटरला लावलेत. विचार चांगला होता, जवळ काहीतरी पळावं म्हणूनच लावलेस. पण तुझा गेम फोनवर बराच वेळ सेकंदाला ३० फ्रेमनं, म्हणजे तीस चित्रांनी, चालतोय. सेकंदाला ५० मीटर म्हणजे एका फ्रेममध्ये गाडी १.६७ मीटर पुढे जाते. पुढच्या फ्रेममध्ये आधीच्या खांबाच्या जवळजवळ जागीच दुसरा खांब येऊन उभा राहतो, फक्त १७ सेंटिमीटर सरकलेला. सगळे खांब सारखेच, मग डोळ्याला वाटतं की तोच खांब १७ सेंटिमीटर हलला. सेकंदाला तीस वेळा १७ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर, ताशी १८ किलोमीटर. तंतोतंत बंडी! खांब दोन मीटरवर असते तर ते चक्क उलटे जाताना दिसले असते, सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरतात तसे.

यातून नियम असा निघतो, की एकसारख्या वस्तूंमधलं अंतर एका फ्रेममध्ये कापलेल्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त पाहिजे. तुझ्या वेगाला ३० फ्रेमवर ते साडेतीन मीटर धर, ६० फ्रेमवर पावणेदोन. आणि वस्तू अगदी एकसारख्या ठेवू नको. एखादा खांब वाकलेला, एखाद्यावर फाटकी साडी बांधलेली. शेतात कुंपण तसंच असतं नाहीतरी.

अंतरांचा असा एक पट्टाच डोक्यात ठेव. विजेचे खांब पन्नास मीटरवर लाव, तुझ्या वेगाला सेकंदाला एक जाईल, तो ठेका झाला. त्याच्यावर दहा मीटरच्या वस्तू, सेकंदाला पाच. आणि तुझ्याकडे तर एक गोष्ट फुकटात आहे, जी मला आर्वीत इतकी मिळत नाही: संत्र्याची बाग. सहा बाय सहा मीटरवरची झाडं. सेकंदाला पन्नास मीटरनं तिच्या बाजूनं गेलास तर आठ ओळी उघडतात आणि मिटतात, आणि प्रत्येक ओळ उघडताना आतपर्यंतची लांबच लांब गल्ली क्षणभर दिसते. वरुड-मोर्शीच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून हे पाहत बसायला मला लहानपणी इतकं आवडायचं, की मावशीच्या गावी जायचं खरं कारण तेच होतं. तू तिथला आहेस आणि गेममध्ये पाईनची झाडं लावलीस, याला काय म्हणावं!

फार थोड्या वस्तूंतही हे साधतं. अटारीनं १९७६ साली 'नाईट ड्रायव्हर' नावाचा गेम काढला होता. काळा पडदा, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे पांढरे ठोकळे, बस. गाडीचं चित्र तर पडद्यानं काढलेलंही नव्हतं, ते प्लास्टिकवर छापून लावलेलं होतं. तरी लोकांनी नाणी टाकून तो खेळला, कारण ठोकळे बरोबर जागी होते आणि जवळ येताना बरोबर मोठे होत होते.

रस्त्याच्या पृष्ठभागाकडे येऊ. तुझं डांबर एकसारखं राखाडी आहे, आणि चार मीटरच्या पुढे तर नुसता धूसर पट्टा. खड्यांचं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र, तू टाकलंयस, मी पाहिलं. पण कॅमेरा तिरपा बघत असला की युनिटी दूरच्या भागासाठी टेक्श्चरची लहान, पुसट प्रत वापरतं, आणि तिरप्या पृष्ठभागावर ती गरजेपेक्षा फार लवकर पुसट होते. त्यावर उपाय म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. सगळ्या गेमला नको, फक्त रस्त्याच्या टेक्श्चरला चार किंवा आठ दे. स्वस्त फोनलाही ते पेलतं. माझ्या अनुभवात एवढ्या कमी कष्टात इतका फरक पाडणारी दुसरी सेटिंग नाही.

आणि रस्त्यावर आडवं काहीतरी पाहिजे. खड्डा बुजवल्याचे काळे चौकोन, मोरीवरचा सिमेंटचा पट्टा, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे झाडांच्या सावल्या. दुपारी चारला कडुनिंबाच्या सावल्या रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडतात, त्यातून गाडी गेली की ऊन-सावली-ऊन अशी डोळ्यांवर लखलख होते. आडव्या पट्ट्यांचा जोर किती असतो याचा पुरावा रस्त्यांवरच आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चौकापाशी येणाऱ्या रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारले, आणि चौक जवळ येईल तसं त्यांतलं अंतर कमी करत नेलं. ड्रायव्हरला आपला वेग वाढतोय असं वाटतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथं ते वेग कमी करायला वापरलं, तुला वेग वाटायला लावायला वापरायचंय. युक्ती एकच.

फील्ड ऑफ व्ह्यूबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याला किती कोनातलं जग दिसतं त्याबद्दल, सगळेच सांगतात, पण अर्धवट सांगतात. युनिटीतला आकडा हा उभा कोन असतो. तू ४० ठेवलायस, कारण मोटारसायकल मोठी आणि देखणी दिसते. कोन लहान असला की दुर्बिणीतून पाहिल्यासारखं सगळं चपटं होतं आणि कडेच्या, म्हणजे सगळ्यात जोरात पळणाऱ्या वस्तू चौकटीबाहेर जातात. हळू वेगाला ५० ठेव आणि कमाल वेगाला ६५ पर्यंत उघडू दे. तुझ्या लांबट फोनवर याचा आडवा कोन ९२ वरून ११० च्या घरात जातो. त्याच्या पुढे गेलास तर कडेची घरं ताणलेली दिसतील.

पण नुसता कोन उघडला की गाडी लहान होत मागे राहिल्यासारखी दिसते, म्हणून त्याच वेळी कॅमेरा जवळ आणायचा. गाडीचं माप तेच ठेवायचं तर ५० अंशांना पाच मीटरवर असलेला कॅमेरा ६५ ला ३.७ मीटरवर यायला हवा. गाडी तेवढीच राहते आणि मागचं जग ताणलं जातं. हा बदल एका झटक्यात करू नको, अर्ध्या सेकंदात उलगडू दे. आणि कायम ६५ वर ठेवशील तर दोन मिनिटांत त्याची सवय होईल, मग त्याचा उपयोग उरणार नाही.

सवय हा मोठा शत्रू आहे. समृद्धीवरून उतरून गावच्या रस्त्याला लागलं की साठचा वेग चालल्यासारखा वाटतो, आणि लोक तिथंच चुकतात. तुझा रस्ता सात मिनिटं एकसारखा आहे. पहिल्या मिनिटाला वाटलेला वेग तिसऱ्याला वाटणार नाही, मग तू कितीही झाडं लाव. म्हणून रस्त्याला श्वास दे. वीस सेकंद मोकळं वावर, मग अचानक दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, मग नाल्यावरचा अरुंद पूल, मग परत मोकळं, मग गावातली गल्ली. पुलाच्या कठड्यातून बाहेर पडल्यावर जो सुटल्याचा भास होतो, तो कठड्याशिवाय मिळत नाही.

फोनच्या पडद्याची एक अडचण आहे, ती मान्यच करावी लागते. हातात आडवा धरलेला फोन डोळ्याच्या फक्त चोवीस-पंचवीस अंशांत मावतो. डोळ्याच्या कडा, ज्या हालचालीला फार जाग्या असतात, त्यांना गेममधलं काहीच दिसत नाही. घरातली खाट आणि पंखाच दिसतो. म्हणून ११० अंशांचं जग पंचवीस अंशांत कोंबावं लागतं. संगणकावर जे भरमसाठ वाटतं, ते फोनवर जेमतेम पुरतं. पारख फोनवरच कर.

आता वेग वाढताना काय व्हावं याबद्दल. स्थिर वेग माणसाला अंगात कळत नाही, कानाच्या आतल्या भागाला फक्त वेगातला बदल कळतो. पडद्यासमोर बसलेल्याला तोही कळत नाही, म्हणून तो दाखवावा लागतो. रेस दिली की गाडी कॅमेऱ्यापासून थोडी पुढे निसटू दे, कॅमेरा अर्ध्या सेकंदानं तिला गाठेल. ब्रेक मारला की गाडी कॅमेऱ्याजवळ येऊ दे. तुझा कॅमेरा गाडीला खिळ्यानं ठोकल्यासारखा आहे, त्यामुळे शून्य ते १८० मध्ये काहीच घडत नाही. थरथर द्यायची असेल तर कॅमेऱ्याची जागा हलवू नको, कोन हलव, अर्ध्या अंशाच्या आत. निव्वळ रँडम आकडे नको, त्यानं ताप आल्यासारखं दिसतं. पर्लिन नॉइज वापर, त्यातले आकडे झटके न देता सलग बदलतात. आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढव, म्हणजे साठपर्यंत जवळपास काही नाही आणि दीडशेच्या पुढे जाणवेल.

आवाजाकडे तू लक्षच दिलेलं नाहीस, इंजिनची एक क्लिप आहे आणि तिची पट्टी वेगासोबत वर जाते. कमाल वेगाला ती डासासारखी वाजते. गिअर दे. पट्टी चढली, गिअर पडला, पट्टी खाली आली, परत चढली. कानाला प्रत्येक गिअर ही एक पायरी वाटते. इंजिनच्या वर वाऱ्याचा वेगळा आवाज पाहिजे, जो ऐंशीनंतर सुरू होतो आणि शेवटी इंजिनला झाकतो. हेल्मेटशिवाय जोरात गाडी चालवणाऱ्याला विचार (आणि मग त्याला हेल्मेट घ्यायला सांग), इंजिन ऐकूच येत नाही, नुसता वारा. तिसरा आवाज कडेचा. प्रत्येक खांब, प्रत्येक झाड, पुलाचा प्रत्येक कठडा बाजूनं जाताना एक बारीक 'सप्' करून गेला पाहिजे. याला एखाद्या संध्याकाळचं काम आहे आणि चित्राचा सगळा दोष तो झाकून घेतो. समोरून येणाऱ्या एसटीला डॉप्लर दे. रस्त्याकडेला उभं राहून शंभरनं जाणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकला तर ती समोरून जाताना सूर जवळजवळ तीन अर्धस्वर उतरतो, कोमल गंधारावरून षड्जावर. तूही शंभरनं तिच्याकडे जात असशील तर साडेपाच. युनिटीत हे तयार मिळतं, फक्त चालू करायचं असतं.

मोशन ब्लर तुझ्या यादीत पहिला होता, माझ्या यादीत शेवटी आहे. पळणाऱ्या गोष्टी आधी लागतात, त्याशिवाय ब्लर कशाला करणार? रिकाम्या मैदानाला ब्लर केलं तर पुसट रिकामं मैदान मिळतं. करायचाच तर फक्त चौकटीच्या कडांना कर, मधला भाग आणि गाडी स्वच्छ ठेव. स्वस्त फोनवर मी तर करतच नाही, त्यात गेलेल्या फ्रेम परत मिळत नाहीत. निन्टेंडोच्या १९९८ च्या 'एफ-झिरो एक्स' मध्ये बनवणाऱ्यांनी देखावे अगदी साधे ठेवले, पण तीस गाड्या आणि सेकंदाला साठ फ्रेम सोडल्या नाहीत. आजही तो गेम जोरात वाटतो.

धुक्याचं मात्र एक मजेशीर आहे. तू सकाळच्या दृश्यात सगळ्या चित्रावर एक पांढुरकी झाक टाकली आहेस, त्यामुळे उठाव गेला. उठाव कमी झाला की वेग कमी भासतो. १९९८ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सिम्युलेटरवरचा प्रयोग आला होता, की चित्र असं फिकट केलं तर लोकांना आपण हळू चाललोय असं वाटतं आणि ते गाडी जास्त जोरात हाकतात. पुढे २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की खऱ्या धुक्यासारखं केलं, म्हणजे दूरचं झाकलं आणि जवळचं स्वच्छ ठेवलं, तर उलटं होतं, वेग जास्त भासतो. जवळचं तेवढंच दिसतं आणि जवळचंच जोरात पळत असतं, हे आपण वर पाहिलंच. तेव्हा झाक काढ आणि अंतरानुसार दाट होणारं धुकं टाक. डिसेंबरात नदीकाठच्या रस्त्यावर सकाळी सहाला असतं तसं. वर दूरच्या वस्तू काढायचा फोनचा भारही वाचतो.

फोनच्या दोषाबद्दल विचारलं होतंस. फोन बरा आहे. पण तुझ्या फ्रेम ३० आणि ४५ च्या मध्ये हेलकावे खातात, आणि डोळ्याला त्याचा त्रास कमी फ्रेमपेक्षा जास्त होतो. एकतर ३० वर बांधून टाक किंवा ६० गाठ, मधे लोंबकळू नको. एक गोष्ट पुण्या-मुंबईचे गेमवाले सांगणार नाहीत: आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, फोन तापतो आणि आपला वेग स्वतःच कमी करतो. जानेवारीत साठ फ्रेमनं चालणारा गेम तेव्हा पस्तीसवर येतो, आणि मग साठ फ्रेमच्या हिशेबानं दोन मीटरवर लावलेले खांब उलटे चालायला लागतात.

कामाचा क्रम: आधी दारांची मापं, मग कॅमेऱ्याची उंची, मग खांबांमधलं अंतर आणि रस्त्याचं फिल्टरिंग. एवढं एका दिवसाचं काम आहे. ते झालं की काटा झाकून घरातल्या तिघांना वेग विचार, आबांना धरून, आणि त्यांचे आकडे लिहून ठेव. मग संत्र्याची बाग, सावल्या, आवाज. प्रत्येक बदलानंतर परत तेच तिघे, परत तोच प्रश्न. कुणाला डोकं गरगरल्यासारखं झालं तर थरथर आणि कोनाचा बदल बंद करायची सोय सेटिंगमध्ये दे, काहींना खरंच मळमळतं. आणि मग मला पाठव. मे महिन्यात पाठवलास तर दुपारी दोनला, पंखा बंद करून, ओसरीत बसून खेळून पाहीन.